बाळाला घड्याळ नको, घराला क्रम हवा

बाळ-बाळंतीण घरी येतात. पहिले चार दिवस घरात आनंदीआनंद असतो. शेजारपाजारच्या बाया बाळ पाहून जातात, नातलग झबली-टोपडी आणतात, बाळाचे नाक कोणाच्या वळणावर गेले यावर आत्या आणि मावशीचा लटका वाद होतो. मग पाहुणे परततात. नवऱ्याला सुट्टी मिळालीच असेल तर तीही संपते. दहा बाय बाराच्या खोलीत रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि दिवसभर गाढ झोपलेले बाळ टक्क डोळे उघडून पाहत असते. सकाळच्या पाळीला जाणारा माणूस कूस बदलतो. सासूबाई म्हणतात, "दूध पुरत नसेल." शेजारीण म्हणते, "दृष्ट लागली असेल." आणि त्या पोरीला वाटते, सगळ्यांना जमते ते आपल्यालाच जमत नाही.

वस्तीतल्या आरोग्य शिबिरांत तरुण माता एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : बाळाला वेळेवर पिण्याची आणि वेळेवर झोपण्याची सवय कशी लावायची? प्रश्न रास्त आहे. ज्या घरात पहाटे पाच वाजता नळ येतो, सहाला डबा द्यावा लागतो, एकाची दिवसपाळी आणि दुसऱ्याची रात्रपाळी असते, त्या घराला झोप मोडणे परवडत नाही. परंतु पहिल्या दोन-अडीच महिन्यांत बाळाला घड्याळ लावता येत नाही आणि तसा हट्टही धरू नये. क्रम लावायचा तो घराला. घराचा क्रम लागला की बाळ हळूहळू त्यात आपोआप येते. हे कसे करावे, हे आपण साध्या शब्दांत पाहू.

बाळाची रीत आधी समजून घेऊ

नवजात बाळ २४ तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते. पण ही झोप सलग नसते. दोन तास, तीन तास, कधी पाऊण तास अशा तुकड्यांत ती विभागलेली असते. याचे कारण बाळाच्या पोटात आहे. पहिल्या दिवशी एका वेळी चमचा-दोन चमचे दूध बाळाला पुरते. आठवड्याभरात पोटाची जागा वाढते, तरीही आईचे दूध लवकर पचत असल्याने दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. म्हणून दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे लागणे हे अगदी निरोगी लक्षण आहे. रात्री उठणारे बाळ वाईट सवयीचे नसते. ते भुकेलेले असते.

दुसरे कारण मेंदूत आहे. आईच्या पोटात नऊ महिने अंधारच होता. आई चालत-फिरत असताना बाळाला हेलकावे मिळत आणि ते झोपी जाई. आई आडवी झाली की ते लाथा मारी. तीच रीत घेऊन ते बाहेर येते. अंधार पडल्यावर झोप आणणारे मेलाटोनिन नावाचे द्रव्य मोठ्या माणसाच्या शरीरात तयार होते. बाळाच्या शरीरात त्याची घडी साधारण दोन ते तीन महिन्यांनी बसू लागते. तोपर्यंत रात्रीच्या दुधातून आईचे मेलाटोनिन थोडेफार बाळाला मिळत असते. शिवाय दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असते. म्हणजे रात्रीचे पाजणे ही निसर्गाचीच योजना आहे. रात्री पाजणे बंद केले तर आईचे दूध कमी होते.

चार पायऱ्यांचा क्रम

मग क्रम कशाचा लावायचा? उठणे, पिणे, थोडी जाग आणि पुन्हा झोप, या चार पायऱ्या दिवसातून जितक्या वेळा येतील तितक्या वेळा त्याच ओळीने येऊ द्याव्यात. वेळ बदलली तरी चालेल, ओळ शक्यतो बदलू नये.

बाळ उठले की आधी अंगावर पाजा. रडेपर्यंत थांबू नका. तोंड उघडून मान इकडे-तिकडे वळवणे, हात तोंडात घालणे, ओठांचा चुकचुक आवाज करणे, ही भुकेची पहिली खूण. रडणे ही शेवटची खूण. फार रडलेले बाळ नीट धरत नाही, वारा गिळते आणि मग पोट दुखून पुन्हा रडते. पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, लंगोट बदला.

त्यानंतरची जाग थोडीच असते. पहिल्या महिन्यात पिण्यासकट पाऊण तास ते एक तास बाळ जागे राहू शकते. या वेळात त्याच्याशी बोला, त्याला आपला चेहरा पाहू द्या, ते जागे असताना आपल्या नजरेसमोर दोन-चार मिनिटे पालथे घाला. इतका खेळ त्याला भरपूर होतो. नजर फिरवणे, जांभई, भुवयांवर लाली, हात-पाय झटकणे दिसले की झोपेची वेळ झाली असे समजा. ही खूण चुकली की दमलेले बाळ जास्तच चिडते. "दमेल म्हणजे रात्री झोपेल" असे म्हणून दिवसा बाळाला जागे ठेवण्याचा उलटाच परिणाम होतो.

झोपेत बाळ कण्हते, चेहरा वाकडा करते, हात उडवते. त्याच्या झोपेचा जवळजवळ अर्धा भाग असाच हलक्या झोपेचा असतो. प्रत्येक आवाजाला उचलू नका. मिनिटभर थांबून पाहा, पुष्कळदा ते पुन्हा झोपते.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे किंवा महिने पूर्ण होण्याआधी जन्मलेले असेल, तर ते भुकेने आपणहून उठेलच असे नाही. त्याला दर दोन तासांनी उठवून पाजावे. पूर्ण दिवसांचे बाळही जन्माचे वजन भरून काढेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले दोन आठवडे, तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी झोपू देऊ नये.

दिवस दिवसासारखा, रात्र रात्रीसारखी

बाळाच्या शरीरातले घड्याळ उजेडावर चालते. म्हणून सकाळी उठल्यावर दार-खिडकी उघडा, बाळाला उजेडात आणा. दिवसा ते झोपले म्हणून सर्वांनी कुजबुजत बोलण्याची गरज नाही. भांडी वाजू द्या, कुकरची शिटी होऊ द्या. चाळीतल्या बाळाला चाळीच्या आवाजाची सवय होतेच. रात्री मात्र याच्या उलट करा. ठराविक वेळी मोठा दिवा आणि टीव्ही बंद, मोबाइलचा उजेड बाळाच्या तोंडावर नाही. रात्री पाजताना फक्त झिरोचा दिवा लावा, बोलू नका, खेळवू नका, शी झाली नसेल किंवा लंगोट फार ओला नसेल तर बदलण्याची घाई करू नका.

एकाच खोलीत रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपत असेल तर अडचण होते. त्याला अंधार हवा आणि बाळाला उजेड. अशा वेळी खोलीत दोरी बांधून जुनी साडी किंवा जाड चादर लावावी. आतल्या बाजूला झोपणारा, दाराच्या किंवा खिडकीच्या बाजूला बाळ. दोघांचेही भागते.

रात्रीची सुरुवात एकाच पद्धतीने करावी : कोमट पाण्यात भिजवलेल्या कपड्याने अंग पुसणे, सुती झबले, पाजणे, हलक्या आवाजात गाणे, मग अंथरूण. ज्या घरी संध्याकाळी वंदना होते, त्या घरात बाळाला मांडीवर घेऊन बसता येते. संथ लयीतला ओळखीचा आवाज, तीच वेळ, तीच माणसे. त्याला अर्थ कळत नाही, पण रोज यानंतर रात्र होते हे दीड-दोन महिन्यांत उमगू लागते.

एका घराचा एक दिवस

समजा घरात आई, वडील, आजी आणि एक महिन्याचे बाळ आहे. वडील सकाळी सातला कामावर निघतात. अशा घराचा दिवस पुढीलप्रमाणे लावता येईल. वेळा अर्धा-एक तास मागेपुढे होतील, त्याची चिंता नको.

पहाटे पाचच्या सुमारास नळ येतो आणि नेमके तेव्हाच बाळही उठते. आईने पाजावे, हंडे वडिलांनी भरावेत. पाजून आईने बाळाबरोबर पुन्हा आडवे व्हावे. डबा आजीने किंवा वडिलांनी करावा, नाही तर रात्रीच पीठ मळून, भाजी चिरून ठेवावी. आठच्या सुमारास बाळ पुन्हा उठते. तेव्हा पाजणे, कोवळ्या उजेडात बसणे, मग झोप. दहा-अकराला मालिश आणि आंघोळ, पाजणे आणि दिवसातली सर्वांत लांब झोप. याच झोपेत आईने जेवून झोपावे. धुणे या वेळेसाठी राखून ठेवू नये. दुपारी दोन आणि साडेचारच्या सुमारास पुन्हा तोच क्रम. संध्याकाळी सहा ते नऊ बाळ वारंवार पिते आणि किरकिर करते. या तीन तासांत घरातल्या दुसऱ्या माणसाचे हात मोकळे हवेत. नऊला दिवा मंद. त्यानंतर साधारण अकरा, दोन आणि पाच, अशा वेळा रात्रीच्या पाजण्याच्या.

हे वाचून कोणी म्हणेल, यात सगळ्यांनाच काम लावले आहे. होय, तसेच लावले आहे. पाजण्याचे काम आईशिवाय कोणी करू शकत नाही. बाकीचे प्रत्येक काम दुसरे कोणी करू शकते.

मालिश, आंघोळ आणि काही जुन्या रीती

मालिश आणि आंघोळ ठराविक वेळी केली की बाळाला दिवसाची खूण मिळते. पण पहिल्या २४ तासांत आंघोळ घालू नये, बाळ गार पडते. कमी वजनाचे बाळ दोन किलोचे होईपर्यंत फक्त पुसून घ्यावे. खोबरेल तेलाने हलक्या हाताने चोळावे. हात-पाय ओढणे, डोके दाबून गोल करणे, नाक ओढणे, छाती पिळणे हे सर्व टाळावे. नाकात-कानात तेल घालू नये. नाळ कोरडी ठेवावी. तिला तेल, हळद, राख काही लावू नये.

डोळ्यांत काजळ नको. त्यात शिसे असू शकते आणि डोळ्यांना संसर्गही होतो. बंद खोलीत ओवा-बाळंतशोपाची धुरी दिल्याने बाळाच्या नाजूक फुप्फुसांना त्रास होतो. बाळंतिणीला शेक हवा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने घ्यावा. मध, गुटी, ग्राइप वॉटर, साखरेचे पाणी यांपैकी काहीही सहा महिन्यांपर्यंत देऊ नये. साधे पाणीसुद्धा नको. उन्हाळ्यातही आईच्या दुधातील पाणी पुरते. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत वर्ज्य, कारण त्यातील जंतूंमुळे लहान बाळाला पक्षाघातासारखा गंभीर आजार होऊ शकतो. दृष्ट काढण्यात जो वेळ जातो, तो बाळाचा ताप पाहण्यात आणि श्वास मोजण्यात जावा.

"दूध पुरत नाही" हे कसे ठरवायचे?

बाळ रडले की पहिला संशय आईच्या दुधावर घेतला जातो आणि वरच्या दुधाची बाटली येते. इथेच क्रम बिघडतो. दूध जितके ओढले जाईल तितके तयार होते. बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी पिते, त्यामुळे दूध कमी होते, मग बाटली वाढते. शेवटी आईचे दूध खरोखरच आटते आणि महिन्याचा डब्याचा खर्च बोकांडी बसतो. १९९२ च्या कायद्याने डब्याच्या दुधाच्या आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी घातली, ती उगाच नव्हे.

दूध पुरते की नाही याच्या खुणा साध्या आहेत. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा शू होणे, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत काळी शी जाऊन पिवळी होणे, पहिल्या दिवसांत थोडे घटलेले वजन दोन आठवड्यांत भरून निघणे आणि पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढणे. एवढे असेल तर दूध पुरते आहे. आईच्या दुधाचे मोल रुग्णालये ओळखून आहेत. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातील पहिली होती.

मी पेशाने कारकून, त्यामुळे माझा नोंदीवर विश्वास. एक साधी वही घ्यावी. रकाने चार : वेळ, पाजले, शू-शी, झोप. प्रत्येक वेळी फक्त एक रेघ मारावी. लिहिण्याचे काम वडिलांकडे किंवा शाळेत जाणाऱ्या भावंडाकडे द्यावे. आठ दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्या की गोंधळातही ओळ दिसू लागते. अमुक झोप लांब असते, अमुक वेळी बाळ किरकिरते. सासूबाईंच्या शंकेलाही वहीतल्या सात रेघांनी उत्तर मिळते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले तर अंदाजाने सांगावे लागत नाही.

बाळंतिणीची झोप हा हक्क आहे

बाळाचा दिवस सुरळीत होण्यासाठी आईचा दिवस सुरळीत असावा लागतो. सव्वा महिन्याच्या विटाळाची कल्पना आपण टाकून दिली, ते योग्यच झाले. पण विटाळाबरोबर विश्रांतीही टाकली जाऊ नये. आठव्या दिवशी बाळंतीण हंडा उचलताना दिसते, तेव्हा "आमच्या वेळी आम्ही तिसऱ्या दिवशी रानात गेलो" असे अभिमानाने सांगितले जाते. त्या माउलींनी सोसले, कारण त्यांना पर्याय नव्हता. आपल्या सुनेला तो पर्याय देणे आपल्या हातात आहे.

१९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. २०१७ पासून संघटित क्षेत्रात पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. परंतु घरकाम करणारी, बांधकामावर जाणारी, कचरा वेचणारी, ऊस तोडणारी आपली बहीण या रजेच्या बाहेरच आहे. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये देणारी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पात्र असाल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारून अर्ज जरूर करावा. पण रजेची उणीव काही प्रमाणात भरून काढू शकते ते घर आणि शेजार.

बापाने काय करावे? कामावरून आल्यावर हात-पाय धुवून, उघड्या छातीवर बाळाला घेऊन तासभर बसावे, वरून चादर घ्यावी. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांना असे आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. आज ही पद्धत जगभर कांगारू मातृसेवा म्हणून वापरतात. बापाच्या छातीचीही ऊब तीच. त्या तासात आई झोपेल. दारू पिऊन आलेल्या माणसाने मात्र बाळाला घेऊ नये आणि त्याच्या शेजारी झोपूही नये. आईनेही मशेरी, तंबाखू बंद ठेवावी. निकोटिन दुधात उतरते आणि बाळाची झोप तुटते.

आल्यागेल्यांनी काय करावे? बाळ मागण्याऐवजी घागर भरून द्यावी, भाकऱ्या थापून आणाव्यात. नामकरणाचा कार्यक्रम आटोपशीर ठेवावा. बाळाला हातोहात फिरवू नये, त्याला लाउडस्पीकरजवळ नेऊ नये, पिण्याची वेळ झाली की आईला उठू द्यावे.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात पुष्कळ मातांना उगाच रडू येते. ते आपोआप ओसरते. पण उदासी दोन आठवड्यांपुढे टिकली, बाळाजवळ जावेसे वाटेना, जीव नकोसा वाटू लागला, तर हा आजार समजून डॉक्टरांना दाखवावे. नाटक म्हणून सोडून देऊ नये. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

संध्याकाळचे रडणे आणि झोपेची जागा

दोन आठवड्यांनंतर बाळाचे रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास ते सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत कमी होते. हे रडणे बहुधा संध्याकाळी येते. पाजून पाहा, लंगोट पाहा, घट्ट कपडे सैल करा, छातीशी धरून फेऱ्या मारा. काहीच चालले नाही आणि आपलाच तोल जाईल असे वाटले, तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवून दोन मिनिटे दारात उभे राहा, शेजारणीला हाक मारा. बाळाला रागाने कधीही गदागदा हलवू नका. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

झोपवताना नेहमी पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर. उशी नको, डोके गोल करणारी राईची उशीही नको. तोंडावरून पांघरूण नको. मच्छरदाणी लावावी, मच्छर अगरबत्ती बाळाजवळ नको. साडीची झोळी आपल्या घरोघरी आहे. ती दिवसा, कोणी समोर बसलेले असताना वापरावी. हनुवटी छातीला टेकलेली नसावी आणि चेहरा दिसत राहावा. रात्रभर झोळीत ठेवू नये.

कामावर परतताना

ज्या बहिणींना दीड-दोन महिन्यांतच कामावर जावे लागते, त्यांनीही दूध तोडण्याची गरज नाही. निघण्याआधी आणि परतल्याबरोबर पाजावे. हात स्वच्छ धुवून, उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध काढून ठेवावे. सावलीच्या गार जागी ते चार तास टिकते, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रीज असेल तर चार दिवसही चालते. आजीने ते वाटी-चमच्याने पाजावे. रात्रीचे पाजणे चालू ठेवले तर दूध टिकून राहते. कामावर निघण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून वाटी-चमच्याची सवय करावी.

कधी थांबायचे नाही

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या गावांतले नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आज दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, त्यामागे हाच अनुभव आहे. त्यांना दारातून परत पाठवू नका. वही दाखवा, बाळाचे वजन करून घ्या. दीड महिन्याची लस चुकवू नका. लसीनंतर दोन दिवस बाळ किरकिरले तरी क्रम पुन्हा जागेवर येतो.

पुढची लक्षणे दिसली तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. हा भाग कापून भिंतीला लावावा :

– बाळ पीत नाही किंवा पिणे एकदम कमी झाले.
– बाळ मलूल पडले, उठवूनही उठत नाही.
– ताप आहे किंवा अंग, हात-पाय गार पडले आहेत.
– शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजले तर श्वास ६० किंवा अधिक, अथवा छाती आत ओढली जाते.
– झटके आले.
– पहिल्याच दिवशी कावीळ दिसली किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे झाले.
– नाळेतून पू येतो किंवा भोवती लाली पसरते.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळावरील उपचार मोफत आहेत. नेताना बाळाला छातीशी धरून, झाकून न्यावे आणि पीत असेल तर वाटेत पाजत राहावे.

भगिनींनो आणि बंधूंनो, अडीच-तीन महिन्यांनी एक रात्र अशी येते की बाळ सलग चार-पाच तास झोपते आणि आईच दचकून उठते. प्रत्येक बाळाची ही रात्र वेगळ्या आठवड्यात येते, म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करू नका. तोपर्यंतच्या रात्री एकट्या आईच्या अंगावर टाकायच्या की घराने वाटून घ्यायच्या, हे मात्र आजच ठरवता येते. उद्या पहाटे नळ येईल तेव्हा हंडा कोण भरणार, यावरून सुरुवात करावी.